सरोजवहिनींनी बंद केलेली माळ

हिंदी मुलखात, भेल कारखान्याच्या बरखेडा कॉलनीतल्या क्वार्टरमध्ये आम्ही एकवीस वर्षं राहिलो. आमच्या आणि पठाऱ्यांच्या घरात एकच भिंत, तीही एका विटेची. यशवंतराव पठारे कारखान्यात वेल्डर, श्रीरामपूरकडचे मराठी कॅथलिक. सरोजवहिनी त्यांची बायको. शिक्षण सातवी, आवाज मोठा, भाजीवाल्याशी वाद घातल्याशिवाय घेवडासुद्धा घ्यायच्या नाहीत. पण पुढे लग्न ठरलेल्या मुलामुलींना चार गोष्टी सांगायला चर्चमधले फादर त्यांनाच बोलवत. ते का, हे मी पाहिलं आहे. मला नीट लिहिता येईल की नाही, माहीत नाही.

कॉलनीतला स्वयंपाक कारखान्याच्या भोंग्यावर चालायचा. पठाऱ्यांकडे प्रार्थनाही. यशवंतरावांची पहिली पाळी असली की रोझरीची, म्हणजे जपाची, माळ संध्याकाळी सातला. दुसरी पाळी असली की दुपारी दोनला, मुलं शाळेतून येऊन बूट काढतात न काढतात तोच. रातपाळीच्या आठवड्यात जेवणाआधी, आठला. चर्चमध्ये सगळं हिंदीत, घरातली माळ मात्र मराठीत. "पोरं भांडतात हिंदीत. निदान देवाशी तरी मराठीत बोलू देत," असं वहिनी म्हणायच्या. माळेचे पाच भाग. एकेक भाग आई, बाप, विलास आणि धाकटी मालती सांगत, पाचवा सगळे मिळून. घर चौघांचं, पण पाळी कोणतीही असो, एकत्र बसणं चुकायचं नाही.

विलास वीस वर्षांचा झाला, आयटीआय झाला. वडिलांनी कारखान्यात अप्रेंटिसच्या परीक्षेचा फॉर्म भरून दिला होता. परीक्षेच्या दिवशी हा जवळच्या औद्योगिक वसाहतीत, मंडीदीपला गेला आणि एका खाजगी कारखान्यात नोकरी ठरवून आला. त्या संध्याकाळी भिंतीतून सगळं ऐकू आलं.

"भोंग्यावर उठायचं, भोंग्यावर झोपायचं. मला नाही जमणार, पप्पा."

"ज्या भोंग्यावर वाढलास त्याची लाज वाटते? मग माझ्याशी बोलू नकोस."

दोघांनी ते शब्दशः पाळलं. एक तारखेपासून विलास मंडीदीपला खोली घेऊन राहणार होता. मध्ये एकवीस दिवस होते. असाच न बोलता गेला तर हा मुलगा घराला कायमचा तुटेल, ही वहिनींची भीती होती. त्यांनी ती सुधाला, माझ्या बायकोला, बोलून दाखवली होती.

दुसऱ्या दिवशी सातला वहिनींनी मेणबत्ती लावली आणि विचारलं, "बोललात का एकमेकांशी?"

दोघांनी माना फिरवल्या.

"मग माळ नाही. आधी माणसाशी गोड व्हा, मग देवाकडे या. हे येशूचंच सांगणं आहे." आणि त्यांनी मेणबत्ती विझवली.

रोज हेच. भिंतीपलीकडची शांतता आम्हालाच सहन होईना. एकदा पाळीवर जाताना यशवंतराव सायकलवरून म्हणाले, "बावीस वर्षांत पहिल्यांदा घरात माळ नाही. मी फादरकडे तक्रार करणार आहे."

"कुणाची?"

"बायकोची! आणखी कुणाची?"

मी कसाबसा म्हटलं, "तुम्हीच विलासशी बोललात तर?"

त्यांनी ब्रेक दाबला. "बाप कोण आहे, मी की तो?"

विलासला विचारलं तर तो म्हणाला, "पप्पांनीच मना केलंय, काका."

यशवंतरावांनी खरंच तक्रार केली. फादर आधी हसले म्हणे. मग शनिवारी वहिनी चर्चमध्ये गेल्या तेव्हा अंगणात त्यांनी विचारलं, "सरोजबाई, समेट करायचा हे खरं. पण समेटाला पहिलं कोण जाणार?" वहिनी त्या दिवशी भाजीवाल्याशी वाद न घालताच घरी आल्या.

रविवारी संध्याकाळी मी त्यांची वाटी परत द्यायला गेलो. एक तारखेला चार दिवस उरले होते. वहिनी म्हणाल्या, "बसा भाऊजी." मी दाराजवळच्या ट्रंकेवर बसलो आणि मग उठायची सोयच राहिली नाही.

त्यांनी नवऱ्याला आणि मुलांना समोर बोलावलं. "मला बोलायचंय. मी रागावले होते. देवाचं नाव पुढं केलं आणि माझा राग काढला. तुमच्याबरोबर मालतीचीही प्रार्थना बंद केली. माझं चुकलं." एवढं बोलून त्या फरशीवर गुडघे टेकून बसल्या. "अहो, मला माफ करा. विलास, तूही कर."

"मम्मी, ये क्या! उठ ना!" विलासला रडू फुटलं.

यशवंतराव खिडकीकडे पाहत राहिले. वहिनी उठायला गेल्या. अंगानं जाड, त्यात त्या उन्हाळ्यात नळापाशी घसरून गुडघा दुखावलेला. कॉटला धरूनही उठता येईना. यशवंतरावांनी धावत येऊन दंड धरला.

"अरे, बघतोस काय? धर तिकडून!"

"धरलंय, पप्पा. हात ओढू नका, खांद्याला आधार द्या."

"मला शिकवतोस?"

"तुम्हीच तर ओढताय!"

मध्ये लोंबकळत वहिनी म्हणाल्या, "भांडा, भांडा. पण असं बोलून भांडा."

मला हसू आलं आणि लाजही वाटली. मालती मेणबत्ती लावायला काडेपेटी घेऊन आली. मी वाटी ट्रंकेवर ठेवून बाहेर पडलो.

मुलाचं चुकलं, हे यशवंतरावांचं मत काही बदललं नाही. पण एक तारखेला त्यांनी अर्धी रजा टाकली, वळकटी सायकलला बांधली आणि बस थांब्यापर्यंत चालत आले. मी सोबत होतो.

"खोलीत पाण्याचं काय?"

"बाहेर नळ आहे, पप्पा."

"सुट्टी कधी?"

"रविवारी."

"मग शनिवारीच ये. तुझी आई वाट बघेल. मीही बघेन."

वळकटी त्यांनी स्वतः बसच्या टपावर चढवली. परत येताना ते सायकल ढकलत माझ्याबरोबर चालले. मग म्हणाले, "ती खाली बसली नसती ना भाऊ, तर मी नसतो हो बोललो. कधीच नसतो."