छातीतली लय

ग्वाल्हेरात पोर रडलं तरी सुरात रडतं, असं म्हणतात. संगीताच्या परीक्षेत मी रडले, ती मात्र चांगली बेसूर. घरी यमन घोटून झालेला, गुरुजी खूश. पण परीक्षकांसमोर बसले की छातीत असा धडधडाट सुरू होई, की षड्जसुद्धा जागेवर लागत नसे. त्या वर्षी मी नापास झाले.

पुढच्या खेपेला नापास होऊन चालणार नव्हतं. संस्थान विलीन होऊन मध्यभारत राज्य झालं होतं, आता तेही मोडून राजधानी भोपाळला निघाली होती. बाबा सचिवालयात कारकून. फायली आणि टेबल-खुर्च्यांबरोबर त्यांचीही बदली झाली. त्यांनी मला स्पष्ट सांगितलं, "पास झालीस तर इथेच मावशीकडे राहा, मुलींच्या शाळेत गाणं शिकव. नाही तर बोरिया-बिस्तर बांध आणि चल भोपाळला. मग गाणं-बिणं बंद."

मी नापास व्हावं म्हणून यांनी नवस बोललाय की काय, असं मला वाटलं. भयंकर राग आला.

आमच्या घरासमोर नई सडकेवर एका डॉक्टरांचा दवाखाना होता. डॉक्टरकाका संस्थानच्या फौजेत नोकरी केलेले, तोंडाने फटकळ आणि गाण्याचे वेडे. धडधड थांबायचं औषध मागायला मी त्यांच्याकडे गेले.

"औषध कशाला? तुझ्या दिलाला काही झालं नाही. इथे बैस." त्यांनी स्टेथोस्कोपच्या नळ्या माझ्याच कानांत घातल्या आणि चकती माझ्या हातात दिली. "लाव छातीवर. आता सांग, लय कोणती?"

"द्रुत."

"विलंबित कर."

"असं कसं करणार, काका?"

"श्वास घे, आणि सोडताना लंबा सोड. मींड घेतेस ना सुरावरून सुरावर घसरत, तसा. मला काही सांगू नकोस, तू ऐक."

ऐकता ऐकता ठोके लांब लांब पडू लागले. मला इतकं नवल वाटलं, की ते पुन्हा पळत सुटले. काका खो खो हसले. "पाहिलंस? तुझंच ऐकतंय ते. डर तर वाटणारच, त्याच्याशी भांडू नकोस. तू लय सांभाळ."

मग रोज संध्याकाळी मी जाऊ लागले. बाकावर ताटकळलेले एक आजोबा कुरकुरले, तेव्हा काका म्हणाले, "हीसुद्धा पेशंटच आहे. हिचं गाणं अडकलंय." काही दिवसांनी त्यांनी स्टेथोस्कोप काढून घेतला आणि मनगटावर बोट ठेवून नाडीतून तेच ऐकायला शिकवलं.

परीक्षेला या वेळी बाहेरगावचे नवे परीक्षक आले. मैत्रिणीने तंबोरा धरला, मी तोंड उघडलं आणि पहिलाच स्वर फाटला. परीक्षक म्हणाले, "घबराइए मत। एक बार फिर चेष्टा कीजिए।"

आमच्या बाजारातल्या हिंदीत 'कोशिश' होती. 'चेष्टा' मला फक्त मराठीतली ठाऊक. मला वाटलं, हे गृहस्थ म्हणताहेत, करा आमची आणखी थट्टा! कानशिलं तापली, छातीत घोडे उधळले.

पदराखाली मी मनगटावर बोट ठेवलं. अतिद्रुत! श्वास लांब सोडला. पुन्हा सोडला. परीक्षकांनी जराही घाई केली नाही. त्या भल्या माणसाने फक्त 'प्रयत्न करा' एवढंच म्हटलं होतं, हे गुरुजींनी मला नंतर सांगितलं; पण परीक्षकांच्या त्या थांबण्याचे उपकार मी आजही मानते. आणि डॉक्टरकाकांचे तर किती मानू? ठोके खाली आले, आणि षड्ज लागला तो असा, की मलाच पुढे गावंसं वाटलं.

परीक्षकांनी तिथेच गुरुजींना सांगितलं, मुलगी पास.

बाहेर बाबा सायकल धरून उभे होते. मी निकाल सांगितला.

"छान," ते म्हणाले. "मावशीला कळवायला हवं." आवाज नेहमीसारखाच कोरडा.

मी पाया पडले. त्यांनी मला उठवायला हात पुढे केला, आणि सवयीने माझं बोट त्यांच्या मनगटावर गेलं. नाडी नुसती धावत होती. परीक्षेत माझीही इतकी धावली नव्हती.

मी हात सोडला नाही. म्हटलं, "बाबा, श्वास लांब सोडा."