भिंतीचा लेअर

"अरे वा! मग तर भिंत आठ फुटांची करा साहेब."

भाऊ असं म्हणाले आणि सगळे हसले. सर हसले. भाऊंचा मॅनेजर हसला. चहा घेऊन आलेली बाई काही न समजता हसली.

आणि मीपण हसले.

ती भिंत माझ्यासारख्यांना अडवायला होती.

शहराच्या कडेला, हुडकेश्वरच्या पुढे भाऊंची जमीन आहे. त्यांच्या आजोबांच्या वेळी वावर होतं. आता तिथं मोठी स्कीम उभी राहणार होती. उंच इमारती, मध्ये बाग, क्लब हाउस. तिला मंजुरी मिळवून द्यायचं काम आमच्या सरांकडे होतं. सर नगररचनेचे सल्लागार. नियम काय म्हणतो, जागा किती सोडायची, फाइल कशी लावायची, हे सांगणं त्यांचा धंदा. मी आयटीआय करून त्यांच्याकडे लागले. अकरा वर्षं कॉम्प्युटरवर नकाशे काढले. खाली सही सरांची.

एवढी मोठी स्कीम असली की काही लहान घरं कमी कमाईच्या लोकांसाठी बांधावीच लागतात. ती सोडतीनं मिळतात. ही लहान घरं नकाशात मीच बसवली होती. एक खोली, किचन, न्हाणी, संडास. कपडे वाळत घालण्यापुरती गॅलरी. काढता काढता वाटलं, आपणही फॉर्म भरावा. सरांना सांगितलं. उत्पन्नाचा दाखला कुठून काढायचा तेवढंच विचारायचं होतं.

सरांनी ते भाऊंच्या ऑफिसात भर मीटिंगमध्ये सांगितलं. "भाऊ, आमच्या या मॅडम तुमच्या स्कीममध्ये येणार बरं का. लहान घराचा फॉर्म भरताहेत."

तोपर्यंत भाऊंनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नव्हतं. आता पाहिलं. आडनाव विचारलं. मी सांगितलं.

"अच्छा," ते म्हणाले. मग ते आठ फुटांचं वाक्य.

भिंतीचं बोलणं त्याआधीच सुरू होतं. लहान घरं आणि बाग यांच्या मध्ये पाच फुटांची भिंत. लहान घरांचं गेट वेगळं, मागे, नाल्याच्या बाजूनं. भाऊ समजावून सांगत होते, "फ्लॅटवाले मले विचारते ना. करोड रुपये देऊन राहिले ते. बागेत कोणीबी येऊन बसलं तर कसं जमन? क्लास मेंटेन राह्यला पाह्यजे." आवाज चढवला नाही. शिवी दिली नाही. वरून मला म्हणाले, "चहा घ्या ना मॅडम."

हसणं संपल्यावर सर माझ्याकडे वळले. "आठ लिहून घे."

मी लिहून घेतलं. माझ्या वहीत, माझ्या अक्षरात.

ऑफिसात आल्यावर सरांनी कसं करायचं ते सांगितलं. कॉम्प्युटरवरचा नकाशा म्हणजे एकावर एक ठेवलेले पारदर्शक कागद. एकेका कागदाला लेअर म्हणतात. कोणताही लेअर दाखवता येतो, लपवता येतो. सर म्हणाले, "मंजुरीच्या नकाशात भिंत दिसली तर आक्षेप निघेल. भिंतीचा लेअर वेगळा कर. मंजुरीच्या शीटमध्ये बंद, साइटवर बांधकामाला द्यायच्या शीटमध्ये चालू."

मी केला. दहा मिनिटांचं काम.

घरी गेले. बाबा आणि मी, दोघंच. बाबा कोराडीच्या वीज केंद्रात ठेक्यावर होते, राखेच्या कामावर. आता घरीच असतात, खोकत. ताटं वाढताना मी त्यांना भाऊंचा किस्सा सांगितला. गंमत म्हणून. भाऊ कसे बोलले, सगळे कसे हसले.

बाबांनी तोंडाकडे नेलेला घास खाली ठेवला.

"तू काहून हासली वं?"

"सगळेच हसले न बाबा."

"सगळ्याइचं सोड. तू काहून हासली?"

मी त्यांच्या ताटात भाजी वाढली. बाबांनी पुन्हा विचारलं नाही. जेवले, ताट उचललं, स्वतः धुतलं.

मला राग आला. बाबांचाच. यांना काय माहीत नोकरी म्हणजे काय. मग एकेक आठवायला लागलं. खोली बघायला गेलो की घरमालक विचारायचे, भिंतीवर फोटो कोणाचा लावता? मी हसायचे. जेवणात काय काय चालतं? मी हसायचे. एका बाईनं अॅडव्हान्स घेतला, आडनाव कळल्यावर परत दिला. म्हणाली, पुतण्या येणार आहे राहायला. मी हसून म्हटलं, काही हरकत नाही ताई. अकरा वर्षं ऑफिसातही तेच. माझं हसणं म्हणजे माझं भाडं होतं. ते भरलं की लोक मला उभं राहू द्यायचे.

बाबांना हे राखेच्या कामावर असतानाच दिसलं असेल. मला दिसायला वयाची पस्तिशी लागली.

दोन आठवड्यांनी मंजुरीच्या ऑफिसात बैठक लागली. सरांनी मला लॅपटॉप घेऊन सोबत नेलं. समोर एक अधिकारी बाई. थकलेल्या. टेबलावर फायलींची चळत.

त्यांनी विचारलं, "बाग सगळ्यांना सामाईक आहे?"

"हो मॅडम. पूर्ण खुली," सर म्हणाले.

"लहान घरांच्या आणि बागेच्या मध्ये काही नाही?"

"काही नाही."

"स्क्रीनवर दाखवा."

सरांनी मला खूण केली. मी नकाशा उघडला. बाग मोठी करून दाखवली. हिरवी, मोकळी. बाई मान हलवून पुढचं पान उलटणार होत्या. मी माउस लेअरच्या यादीवर नेला. हिंमत वगैरे काही वाटत नव्हतं.

मी लेअर चालू केला.

बागेच्या कडेनं लाल रेघ आली. या टोकापासून त्या टोकापर्यंत.

"हे काय आहे?"

"जुनं काहीतरी राहिलं असेल मॅडम," सर म्हणाले. "ए, बंद कर ते."

मी म्हणाले, "भिंत आहे मॅडम. आठ फुटांची. मंजुरी मिळाल्यावर बांधायची म्हणून लपवली आहे. नकाशात मीच आखली आहे."

बाईंनी नकाशाकडे पाहिलं, सरांकडे पाहिलं. मग मला विचारलं, "हे लेखी द्याल?"

"देते."

खाली पार्किंगमध्ये सर म्हणाले, "अकरा वर्षं तुला घरच्यासारखं वागवलं."

मी विचारलं, "भाऊ त्या दिवशी जे बोलले, ते तुमच्या घरच्या कोणाला बोलले असते तर हसला असता का सर?"

त्यांनी गाडीचं दार उघडलं. "लॅपटॉप दे. उद्यापासून येऊ नको."

फाइल परत गेली. स्कीम अडली. लहान घरंही अडली, त्यातलं एक कदाचित माझं असतं. आमच्या गल्लीतली एक बाई तोंडावर म्हणाली, "भिंत तर भिंत, पण घर तं भेटत होतं न वं. तुले काय पडलं होतं?" तिला काय सांगू? तिचं छप्पर गळतं. तिचं चूक नाही. त्या प्रश्नानं मी आजही अस्वस्थ होते.

शहरातल्या सहा ऑफिसांत काम मागून आले. दोघांनी बसवून घेतलं, नाव ऐकल्यावर जागा भरली म्हणाले. आता घरी शिकवण्या घेते.

गेल्या महिन्यात सरांचा फोन आला. आवाज गोड. "दोन ओळी लिहून दे. भिंतीचा लेअर तुझ्या चुकीनं राहून गेला म्हणून. मग सोमवारपासून ये कामावर."

"चूक नव्हती सर."

"अगं, तुला या शहरात कोण ठेवून घेईल?"

"माहीत नाही."

"मग?"

"तुम्हाला जे विचारायचं ते लेखी विचारा. मी लेखी उत्तर देईन."

त्यांनी फोन ठेवला.

माझं निवेदन तीन पानांचं आहे. कोणी काय सांगितलं, कोणत्या दिवशी, कोणासमोर. भाऊंचं वाक्य जसंच्या तसं लिहिलं आहे. आडनाव विचारलं तेही. प्रत्येक पानावर माझी सही आहे, पूर्ण नावाची. मंजुरीच्या ऑफिसात देऊन पोच घेतली.

भाऊ आता दुसऱ्या सल्लागाराकडून नवा नकाशा करून घेताहेत, असं कळलं. करू द्या. तो मंजुरीला आला की मी जाणार आहे. कोणी बोलावो न बोलावो. खुर्ची दिली तर बसेन, नाही तर उभी राहीन. प्रत्येक लेअर उघडून दाखवा म्हणेन.