कणगीतली गेरूची रेघ

दादा गेल्याचा फोन आला तेव्हा मी किन्हवलीच्या घरी भात साठवायची कणगी शेणाने लिंपत होते. हात बरबटलेले, म्हणून सुनेने फोन माझ्या कानाला धरला. पुण्याहून भाची बोलत होती, "आत्या, बाबा पहाटे गेले." मी 'बरं' म्हणाले आणि उरलेली कणगी लिंपून काढली. शेजारीपाजारी म्हणाले, म्हातारीला धक्का बसला. धक्का कसला डोंबलाचा! अठ्ठ्याऐंशीचा माणूस, झोपेत गेला. मला रडू आलं ते चौथ्या दिवशी, आणि ते का आलं हे सांगायलाच लिहायला बसलेय.

आमच्या कणगीत आतल्या बाजूला, तळापासून हातभर वर, बाबा दरवर्षी गेरूची रेघ ओढत. रेघेखालचा भात बियाण्याचा. खायला भात काढताना रेघ दिसली की हात मागे, मग घरात काही शिजो न शिजो. एका वैशाखात रेघ लवकर दिसली. आईने दोन ओंजळी मागितल्या, तर बाबा सरळ 'नाय' म्हणाले आणि रानात निघून गेले. आम्ही पंधरा दिवस नाचणीची पेज आणि करवंदं यांवर काढले. मी तेव्हाच ठरवून टाकलं होतं, आमचा बाप दगड आहे. दादा माझ्याहून सहा वर्षांनी मोठा, तो मात्र एका शब्दाने कुरकुरला नाही.

हा दादा कल्याणला मामाकडे राहून शिकला, विमानतळावर मेकॅनिक म्हणून चिकटला आणि शिष्यवृत्ती मिळवून वैमानिक झाला. बाबा म्हशाच्या जत्रेत बैल बघायला गेले की ओळख ना पाळख, अशा माणसालाही सांगत, "माजा पोरगा इमान चालवतो." दादा घरी आला की ओटीवर प्रश्नांची फैर झडायची. एकदा बाबांनी विचारलं, तिथं पोचलास आणि पावसापायी उतरायलाच आलं नाय, तर? दादाने समजावलं की दुसऱ्या विमानतळावर जाण्यापुरतं आणि तिथेही थोडा वेळ घिरट्या घालण्यापुरतं पेट्रोल वेगळंच धरायचं असतं. तेवढंच उरलं की निघायचं, मुंबई अगदी पायाखाली असली तरी. बाबा म्हणाले, "म्हंजे बियाणं." दादा खदखदून हसला. पण त्यानंतर पेट्रोलच्या हिशेबाच्या कागदावर तो लाल पेन्सिलीने रेघ मारू लागला, आणि ती सवय निवृत्तीपर्यंत सुटली नाही.

साठच्या दशकातल्या एका आषाढात बाबांची छाती भरली. शहापूरहून आलेल्या डॉक्टरांनी मान हलवली. दादा नागपूरला होता, तिथे तार गेली. त्या सकाळी तोच विमान घेऊन मुंबईला यायचा होता. दुपारी उतरला असता तर मोटारीने दिवस मावळायच्या आत घरी. बाबा त्याच्यासाठीच श्वास धरून होते, मला दिसत होतं ते. अकराच्या सुमाराला ढगांवरून घरघर आली. त्या वेळेला आमच्या डोक्यावरून दुसरं विमान जात नसे. बाबा डोळे मिटूनच म्हणाले, "आला." मी चुलीवर पाणी ठेवलं, वाट बघत बसले... आणि तासाभराने तीच घरघर पुन्हा, या वेळी मुंबईकडून घाटाकडे जाणारी. मी चुलीवरचं पाणी उतरवलं. बाबा मात्र कान देऊन शेवटपर्यंत ऐकत राहिले.

"फिरला," ते म्हणाले. "रेघ पाळलीन पोरानं. सांग त्याला."

तिन्हीसांजेला ते गेले.

दादा दुसऱ्या दिवशी पोचला तेव्हा राखही निवली होती. मुंबईवर काही दिसत नव्हतं म्हणून घिरट्या घातल्या, पेट्रोल रेघेवर आलं तसं औरंगाबादला नेऊन उतरवलं, असं त्याने सांगितलं. आणि हेही त्यानेच सांगितलं की तो वळल्यावर दहा मिनिटांत मुंबई उघडली, मागची विमानं उतरली. लपवता आलं असतं, पण तो लपवणाऱ्यांतला नव्हता. मी चारचौघांत त्याला म्हणाले, "दहा मिनिटं थांबला असतास तर तुझं काय गेलं असतं?" तो एवढंच म्हणाला, "तेवीस माणसं होती गो मागं." बाबांचा निरोप मी दिला नाही. आधी रागाने, पुढे राग निवल्यावर लाजेने. एकदा गिळलेली गोष्ट वर्षं गेली तशी आणखीच घशात अडकली.

त्याच्या निवृत्तीच्या समारंभात डिसोझा नावाचे वसईकर भेटले, त्या दिवशीचे त्याचे सहवैमानिक. ते म्हणाले, "ताई, तारेचं मला ठाऊक होतं. मीच म्हटलं, अजून एक चक्कर मारू. त्यांनी कागदावरची रेघ दाखवली आणि विमान वळवलं. मग घड्याळ बघून टोपी काढली, मांडीवर ठेवली. खाली तुमचं गाव आलं असणार." सोबतचे लोक त्याला भित्रा म्हणून चिडवत, हेही तिथेच कळलं. भित्रा! बाप खाली वाट बघतोय हे ठाऊक असताना विमान वळवायला केवढी छाती लागते, ते मला तिथे समारंभात बसल्याबसल्या उमगलं. तरी तोंड उघडलं नाही. अशी मी.

यंदा गणपतीत पुण्याला गेले तेव्हा दादा खाटेवर पडूनच होता. म्हटलं, आता नाही तर कधी? बाबांच्या निरोपासकट सगळं सांगितलं. त्याने हलक्या आवाजात विचारलं, "कधी म्हणाले? मी येताना की जाताना?"

"जाताना."

"म्हंजे खाली ऐकू गेलं..." तो म्हणाला. बाबा संध्याकाळपर्यंत त्याची वाट बघत राहिले असतील, हेच त्याने जन्मभर मनात धरलं होतं. मी माफी मागू लागले, तर माझा हात धरून म्हणाला, "उशीर केलास बाय, पण उतरलीस." मग तोच निरोप त्याने माझ्याकडून आणखी दोनदा वदवून घेतला.

चौथ्या दिवशी कणगी वाळली. गेरू कालवून मी आत वाकले आणि तिथेच, कणगीत डोकं घालून, पोटभर रडले. रेघ वाकडी आली. पुसून नीट काढू का, असं सुनेने विचारलं. मी नको म्हणाले. भात भरला की ती झाकली जाईल आणि वैशाखात पुन्हा दिसेल. तेव्हा हात थांबला म्हणजे झालं.