बिरूला कुणी धरून दिलं

रशीद गेल्याचं मला वडवणीच्या बाजारात कळलं, तेही त्याला मातीत ठेवून पाच दिवस झाल्यावर. मी पेरू घेत होतो. विकणारा त्याच्या नात्यातला. तराजूत पेरू टाकता टाकता त्यानं माझ्याकडं नीट पाहिलं आणि म्हणाला, "मास्तर, तुमी मय्यतीला दिसला न्हाईत." कुणाच्या, म्हणून मी विचारलं. त्याचा हात तसाच थांबला. "रशीदभाईच्या... तुमाला सांगितलं न्हाई कुणी?" सकाळी दाराशी खुर्ची टाकून बसला होता, छातीत कळ आली म्हणाला आणि गाडी येईपर्यंत सगळं आटोपलं, एवढं त्यानं सांगितलं. मी पेरू तिथंच ठेवले आणि केजकडं निघालो. खरं सांगायचं तर त्या रस्त्यात मला रडू आलं नाही. राग आला. शाळेपासूनची दोस्ती. त्याच्या घरातल्या लहान-थोर सगळ्यांकडं माझा नंबर. आणि त्यातल्या एकालाही मला फोन करावासा वाटला नाही... जीपमध्ये मी एवढंच घोकत होतो की या लोकांनी मला दगा दिला.

आठवीत मी चकलांब्याहून केजला मामाकडं शिकायला आलो. आमचं घर मेंढरांवर जगणारं, त्यामुळं वर्गात माझ्या कपड्यांना वास येतो म्हणून पोरं लांब सरकायची. रशीद सरकला नाही. तो माझ्या बाकावर येऊन बसला आणि पहिलंच वाक्य बोलला, "मेंढराचे पाय कसे असतेत बे? मला काढता येईनात." त्याचे वडील कादरचाचा स्टँडच्या कोपऱ्यावर फळांचा गाडा लावायचे. फळं बांधायला आणलेल्या रद्दीच्या कोऱ्या कडांवर रशीद चित्रं काढायचा आणि चाचा ओरडायचे, की गिऱ्हाइकाला चिकूबरोबर चित्रं फुकट जायलीत. मी त्याला मेंढराचे पाय दाखवले, गुडघा कुठं वळतो ते सांगितलं. त्यानं मला चित्रकथांच्या पुस्तकांचं वेड लावलं. स्टँडवर एक जण ती वाचायला भाड्यानं द्यायचा. आणि मागच्या गल्लीत व्हिडिओ हॉल होता, तिथं शनिवारची शाळा सुटली की आम्ही दोघं जमिनीवर मांडी घालून सिनेमा बघायचो.

सिनेमात रशीदला गाण्यांत रस नव्हता, हाणामारीतही फारसा नव्हता. तो वाट बघायचा ती हिरो धरला जाण्याची. गोदामात खांबाला बांधलेला हिरो, ओठातून रक्त, समोर खुर्चीत बसून बडबडणारा खलनायक. हे आलं की तो गुडघ्यांवर उठून बसायचा. चित्रकथांतही तसंच. शेवटच्या आधीच्या पानांवर नायक साखळदंडात असणारच, आणि रशीद त्याच पानावर अडकून पडायचा. एकदा मी वैतागून विचारलं, दर वेळी तेच तर असतं, त्यात काय बघायचं? तो म्हणाला, "मोकळा हाय तवर समदेच हिरो असतेत, नामा. हात बांधल्यावर मानूस काय करतो ते बघायचं." मग हसून पुढं म्हणाला, "आन् गाठी लई खोट्या मारतेत. तुझ्या बापानं एक मेंढरू बांधलं तर ते सुटंल का? हे कसे सुटतेत?"

दोन वह्या शिवून आम्ही आमची स्वतःची चित्रकथा केली. गोष्ट माझी, चित्रं त्याची. नायक मेंढपाळ, नाव बिरू. खलनायक रावबाजी, पांढऱ्याशुभ्र कपड्यांतला, गुळगुळीत दाढीचा, सतत अडकित्त्यानं सुपारी कातरणारा. तो गावाची गायरानं बळकावतो, बिरू आडवा येतो, आणि प्रत्येक गोष्टीत धरला जातो. त्याला सोडवायला येतो एक म्हातारा फळवाला. तो कलिंगड कापायच्या सुरीनं दोर कापतो आणि म्हणतो, "पळ लेकरा, गाडा माझा मी बघतो." तो फळवाला म्हणजे हुबेहूब कादरचाचा. तीच आखूड दाढी, डोळ्यांत तोच सुरमा, डाव्या भुवईवरची तीच खूण, डोक्याला तोच हिरवा रुमाल. चाचांना वही दाखवली तेव्हा त्यांनी ती गाड्यावरच्या द्राक्षांवर उघडी करून ठेवली, आणि आठवडाभर येईल त्या गिऱ्हाइकाला ते पान दाखवत राहिले.

पुढं मी शिक्षक झालो. रशीद पाट्या रंगवू लागला. केजमधल्या निम्म्या दुकानांवर त्याची अक्षरं होती. मग फ्लेक्स आले आणि कुंचल्याचं काम सरलं, तरी तो चित्र काढत राहिला. करोनात शाळा बंद पडल्या तेव्हा माझ्या वर्गातल्या मुलांसाठी आम्ही बिरू पुन्हा बाहेर काढला. तो पान काढून फोनवर पाठवायचा, मी ते मुलांना धाडायचो. एका फोनवरून दुसऱ्या फोनवर जात ती पानं पुण्यातल्या एका ॲनिमेशन कंपनीपर्यंत पोचली आणि तिथून फोन आला, की आम्हाला याची फिल्म करायची आहे. रशीदला असल्या फोनवर बोलता यायचं नाही. "बोलायचं काम तुझं," असं म्हणून त्यानं फोन माझ्या हातात दिला. कागद आले ते मी वाचले आणि मी बोट ठेवलं तिथं त्यानं सही केली. एका अक्षराबद्दलही विचारलं नाही.

काही महिन्यांनी कंपनीतल्या बाईंचा मला फोन आला. मी शाळेच्या व्हरांड्यात उभा होतो, ते मला स्वच्छ आठवतं. त्या म्हणाल्या, तुमचा खलनायक फार साधा वाटतो, मुलांना तो बघताक्षणी ओळखू आला पाहिजे. त्यापेक्षा त्या फळवाल्याचा चेहरा जबरदस्त आहे. दाढी, सुरमा, हिरवा रुमाल... तोच आम्ही खलनायकाला देतोय. फळवाला काढून टाकू, बिरूची सुटका एका चमकणाऱ्या ताईतानं करू. तुमची हरकत नाही ना?

तो चेहरा कुणाचा हे मला माहीत होतं. असा चेहरा खलनायकाला का हवा असतो, हेही मला कळत होतं. मी शिक्षक आहे, भोळा नाही. पण नको म्हटलं तर फिल्म होणार नाही, ही भीती होती. आणि पडद्यावर 'कथा' या शब्दापुढं माझं नाव येणार होतं... मी म्हणालो, "नाही, हरकत नाही." घंटा झाली म्हणून फोन ठेवला आणि वर्गावर गेलो. रशीदला सांगायचं उद्यावर टाकलं. तो उद्या आलाच नाही.

फिल्म तयार झाल्यावर केजच्याच एका शाळेच्या सभागृहात ती मुलांना दाखवायचं ठरलं. रशीदनं वडिलांना नवा पांढरा शर्ट शिवला. चाचा तेव्हा काठी घेऊन चालत होते. त्यांना पहिल्या रांगेत बसवून त्यानं कानाशी वाकून सांगितलं, "अब्बा, तुमी येता आन् हिरोला सोडवता. नीट बघा." मी त्यांच्या मागच्या रांगेत होतो. फिल्म सुरू झाली. मेंढरं सुरेख उतरली होती, गुडघे अगदी बरोबर वळत होते. मग बिरू धरला गेला. आणि अंधाऱ्या गुहेतून हातात सुरी घेऊन, डोळ्यांत सुरमा घालून कादरचाचा बाहेर आले, गडगडाटी हसले आणि त्यांनी बिरूला खांबाला आवळायला सुरुवात केली. मुलं किंचाळली. कुणीतरी शिट्टी मारली. चाचांनी मान पुढं काढून पडद्याकडं पाहिलं, मग रशीदकडं पाहिलं. त्यांचा आवाज मोठा नव्हता, पण मला स्पष्ट ऐकू आला.

"म्या तर बांधायलोय की रे त्याला."

रशीदनं नुसता हात वडिलांच्या गुडघ्यावर ठेवला. ते दोघं मधूनच उठून गेले नाहीत. पडद्यावरचा तो चेहरा आगीत पडेपर्यंत आणि मुलांनी टाळ्या वाजवेपर्यंत ते बसून होते. नंतर शाळेच्या फाटकाशी चाचांना रिक्षात बसवून रशीद माझ्याकडं आला. म्हणाला, "नामा, तुला माहीत व्हतं का?"

मी म्हणालो, "न्हाई रे. मलाबी आत्ताच दिसलं."

त्यानं माझ्याकडं थोडा वेळ पाहिलं. "बरं," म्हणाला आणि रिक्षात बसला.

त्यानंतर काही बिघडलं नाही. म्हणजे मला तसं वाटलं. दर मंगळवारी मी केजला गेलो की आम्ही स्टँडवर चहा घ्यायचो, तो पूर्वीसारखाच माझ्या कपात बशीतला चहा ओतायचा. त्या हिवाळ्यात कादरचाचा गेले, तेव्हा मी खांदा दिला. चाचांनी त्या दिवसानंतर हिरवा रुमाल बांधला नाही, हे मला तिथं कुणाच्या तरी बोलण्यातून कळलं. मी ऐकलं नाही असं दाखवलं. रशीदनं फिल्मचं नाव पुन्हा कधी काढलं नाही. मी समाधान मानलं, की त्याचा माझ्यावर विश्वास बसला. कधी कधी असंही वाटायचं की त्याला सगळं कळलंय आणि त्यानं मोठ्या मनानं सोडून दिलंय. तीन वर्षं मी या दोन समजुतींवर आलटून पालटून झोपलो.

त्या दिवशी वडवणीहून मी त्याच्या दारात पोचलो तो भांडायच्याच तयारीनं. नजमाभाभी, त्याची बायको, पडद्याआड इद्दतीत, नवरा गेल्यावर पाळायच्या एकांतात, होत्या. त्यांच्या मुलीनं मला ओसरीवर खुर्ची दिली. मी पडद्याकडं तोंड करून म्हणालो, "भाभी, मला कळवायला पाहिजे होतं. मी काय परका होतो?"

त्यांनी आतून मुलीला मला पाणी द्यायला सांगितलं. मग त्या म्हणाल्या, "मीच सांगितलं पोरांना, नामदेवभाईला फोन करू नका म्हनून."

"कावून, भाभी?"

"तुमाला माहीत हाय कावून." त्यांच्या आवाजात राग नव्हता, थकवा होता. "फिल्म बघून आले, त्याच्या दुसऱ्याच दिवशी त्यांनी पुन्याला फोन लावलता. त्या बाई बोलल्या, आमी लेखकाला विचारलंतं, त्यांनी हो म्हनलं. त्यांना वाटलं बाई खोटं बोलती. तर बाईनं तुमच्या फोनची तारीख सांगितली, येळ सांगितली." मग थांबून म्हणाल्या, "मी म्हनायची, जाऊन विचारा, भांडा. तर म्हनायचे, मी कशाला विचारू? मी एकदा विचारलंय. आता नामानं सांगायचं. सांगंल तो, मला माहीत हाय. दर मंगळवारी घरी आले की मी बघायची तोंडाकडं... आज सांगितलं का म्हनून."

आणि आज हे लिहिताना आणखी एक गोष्ट कबूल करतो. त्या क्षणी मला शरम वाटायच्या आधी पुन्हा रागच आला. त्याला माहीत होतं, आणि तो तीन वर्षं माझ्यासमोर बसून चहा पीत राहिला! शिव्या दिल्या असत्या, गचांडी धरली असती तर मी सुटलो असतो. त्यानं मला तेवढंही दिलं नाही. हा राग अजून पुरता गेलेला नाही. पण तो कुणावर करायचा, तेच आता उरलेलं नाही.

निघताना मुलीनं आतून एक पुठ्ठ्याची फाइल आणून दिली. भाभी पडद्यामागून म्हणाल्या, "हे तुमचंच हाय. शेवटचं वर्षभर हेच काढायले व्हते." आत बिरूची नवी गोष्ट होती, अकरा पानं. रावबाजी परत आला होता, पांढऱ्या कपड्यांत, अडकित्ता घेऊन. कादरचाचा गाड्यावर उभे होते, रुमाल हिरवा. आणि शेवटच्या पानावर बिरू खांबाला बांधलेला. गाठ खरी होती, माझा बाप मारायचा तशी. दोराचं दुसरं टोक रावबाजीच्या हातात नव्हतं. ते चष्मा घातलेल्या, शाळेची पिशवी खांद्याला लावलेल्या एका माणसाच्या हातात होतं. रशीदनं तो क्रूर काढला नव्हता. कुणीतरी क्षणभर धर म्हणून दोर हातात दिल्यासारखा तो उभा होता, आणि भलतीकडंच बघत होता.

आमची रीत अशी होती की चित्रं तो आधी पुरी करायचा, बोलण्याचे फुगे कोरे सोडायचा, आणि ते मी भरायचो. या अकराही पानांवर फुगे कोरे होते. दीड महिना फाइल माझ्या टेबलावर आहे. पहिली दहा पानं मी हळूहळू भरली. चाचांच्या तोंडी त्यांचं जुनंच वाक्य घातलं. शेवटच्या पानावर दोन फुगे आहेत. चष्मेवाल्याच्या डोक्यावरचा फुगा लहान आहे, जेमतेम सहा-सात शब्द मावतील एवढा. तीनदा पेन्सिलीनं लिहून खोडलं. परवा शाईनं लिहिलं : "मला माहीत होतं, रशीद. मीच हो म्हणालो." बिरूच्या डोक्यावरचा फुगा मोठा आहे, जवळजवळ अर्धं पान. तो भरायला मी पेन उचलतो आणि ठेवून देतो.