आईचे सल्ले आणि आत्याचे केस

धारवाडच्या आमच्या घराला दोन दारं होती. पुढच्या दाराने अप्पांकडे माणसं यायची. अप्पा हायस्कुलात संस्कृत शिकवायचे, त्यामुळे येणारे बहुतेक मास्तर, वकील, नाहीतर कुठल्याशा सभेचे चिटणीस. मागच्या दाराने बायका यायच्या, त्या आईकडे.

आई सांगलीकडची. लग्न होऊन आली तेव्हा तिला कानडीचा एक शब्द येत नव्हता. दूध घालणाऱ्या बाईशी रोज हातवारे करता करता ती कानडी शिकली आणि मग त्याच कानडीत सगळ्या गल्लीला सल्ले देऊ लागली. परसात विहिरीजवळ एक सपाट दगड होता. शुक्रवारी सकाळी आई त्यावर बसून आम्हा बहिणींची डोकी धुवायची. शिकेकाईचं पाणी डोळ्यांत जाऊन आम्ही ओरडत असायचो आणि नेमकी तेव्हाच कुणीतरी कडी वाजवायची.

“अक्का, माझी भाकरी काठाला फाटते.”

“पाणी उकळलेलं घालत नसशील. हाताला चटका बसेल असं घाल, आणि तळहाताच्या मनगटाकडच्या भागाने रगड. पीठ कुरवाळत बसू नकोस.”

कुणाच्या तोंडावर पुटकुळ्या यायच्या. त्यांना आई आधी बोटं लावायला बंदी करायची, मग मसुराची डाळ भिजवून वाटायला सांगायची. कुणाचं तान्हं रात्रभर रडायचं. “त्याच्याआधी तू गप्प हो,” आई म्हणायची. “तुझी छाती धडधडते ते त्याला कळतं.” आणि कुणी नुसतीच डोळे पुसत दारात उभी राहिली तर आई तिला काही विचारायची नाही. तिला दगडावर बसवायची, तिची वेणी सोडायची, तेल लावून पुन्हा घालून द्यायची. तेवढ्या वेळात ती बाई स्वतःच सगळं सांगून मोकळी व्हायची. “उदास वाटलं की आधी वेणी घालायची,” हे आईचं ठरलेलं वाक्य. “मग रडायचं असेल तर रडावं. पण बहुतेक वेळा राहून जातं.”

हे वाक्य एका माणसाला मात्र तिला सांगता येत नव्हतं. ती म्हणजे आत्या.

आत्या आमच्याकडे राहायला आली तेव्हा मी सात-आठ वर्षांची असेन. ती अप्पांची धाकटी बहीण. लग्न झालं आणि वर्ष-दीड वर्षात नवरा विषमज्वराने गेला. सासरच्यांनी तिचे केस काढले, लाल आलवण नेसवलं आणि घरामागच्या खोलीत ठेवलं. अप्पा जाऊन तिला घेऊन आले. एवढं धाडस त्यांनी केलं. पुढचं काही त्यांना सुचलं नाही.

आत्याने आल्या दिवसापासून स्वयंपाकघर धरलं. तिच्या हाताला विलक्षण चव होती. वांग्याची येण्णगाई करावी तर तिनेच. मसाला भरलेली वांगी तेलात मंद शिजत ठेवून ती चुलीकडे बघत बसायची. आई तिच्या स्वयंपाकात कधी बोलायची नाही. गल्लीभर सल्ले वाटणारी माझी आई आत्याला फक्त विचारायची, “वन्सं, तिखट किती घालू?”

महिन्यातून एकदा न्हावी यायचा. मागच्या दारानेच. त्या सकाळी आई आम्हा मुलींना माजघरात बोलावून समोर डाळीचं सूप ठेवायची आणि निवडायला बसवायची. डाळ आधीच निवडलेली असायची, हे माझ्या लक्षात आलं होतं. परसातून वस्तऱ्याचा आवाज ऐकू येत नसे, तरी आम्ही सगळ्या तो ऐकत असल्यासारख्या गप्प बसायचो. नंतर आत्या अंघोळ करून पदर कपाळापर्यंत ओढून चुलीशी बसायची आणि त्या दिवशी कुणाकडेही वळून बघायची नाही.

मग एका वर्षी आत्याला हिवताप झाला. ताप उतरायचा, पुन्हा भरायचा. न्हावी आला तो आईने परत पाठवला, पुढच्या महिन्यातही पाठवला. अंगात कणकण असताना डोक्याला पाणी कसं लावणार? आई तिला भाताची पेज पाजत राहिली, कडू काढा देत राहिली. ताप एकदाचा गेला तेव्हा आईने पाणी तापवलं आणि आत्याला न्हाणीत घेऊन गेली. मी तांब्या द्यायला दारात उभी होते.

आईने तिच्या डोक्यावर पाणी ओतलं आणि तिचा हात तिथेच राहिला.

“काय झालं वहिनी?” आत्याने विचारलं.

“काही नाही. वन्सं, तुमच्या केसांना वळण आहे. कपाळावरचे आपोआप डावीकडे वळतात.”

आत्याने हात वर नेऊन केस चाचपले. बोटभरच होते ते. “माझ्या आईचे असेच होते,” ती म्हणाली. “सगळे म्हणायचे.” त्या दिवशी आत्याचं अंग पुसताना आईला नेहमीपेक्षा फार वेळ लागला.

थोड्याच दिवसांनी न्हावी पुन्हा आला. मागच्या दारात उभा राहून त्याने हाक दिली. या खेपेला आईने आम्हाला माजघरात बोलावलं नाही. ती आत्याकडे गेली आणि सरळ म्हणाली, “वन्सं, डोकं तुमचं आहे. बोलावू की पाठवू?”

आत्या कोथिंबीर निवडत होती. ती निवडतच राहिली. आई उभी राहिली. न्हाव्याने बाहेर पुन्हा हाक दिली.

“डोकं दुखतंय,” आत्या शेवटी म्हणाली. “आज नको.”

“आज नको की नकोच?”

आत्याने मान खाली घातली आणि कोथिंबिरीच्या काड्यांकडे बघत म्हणाली, “नकोच.”

आई बाहेर गेली. “ब्याडरी,” ती न्हाव्याला कानडीत म्हणाली, नको म्हणून. “या महिन्यात नको, पुढच्याही नको.” नेहमीची ज्वारी तिने त्याच्या पिशवीत ओतली, ओंजळभर जास्तच. म्हाताऱ्या न्हाव्याने आईकडे बघितलं, आत बघितलं, आणि पिशवीचं तोंड बांधत कानडीत म्हणाला, “बरं झालं, अव्वा. मलाही ते काम नको वाटायचं.”

संध्याकाळी अप्पांना कळलं. ते ओरडणाऱ्यांतले नव्हते. बराच वेळ ओसरीवर येरझाऱ्या घातल्यावर ते आत आले.

“लोक काय म्हणतील, याचा विचार केलास?”

“भाजीत मीठ घालताना मी लोकांना विचारत नाही,” आई म्हणाली.

“भाजीची गोष्ट वेगळी. भाद्रपदात बाबांचं श्राद्ध आहे. गुरुजी काय म्हणतील?”

श्राद्धाचा स्वयंपाक दरवर्षी आत्या करायची, आणि तो खाऊन गुरुजी दरवर्षी तृप्तीची ढेकर द्यायचे. पण केस राखलेल्या विधवेच्या हातचं पितरांना चालत नाही, असा समज होता. श्राद्धाच्या आदल्या दिवशी गुरुजी आले आणि त्यांनी तेच सांगितलं. आवाज चढवला नाही, उलट जरा ओशाळूनच बोलले. “माझं काही नाही मास्तर. शास्त्रात आहे, त्याला मी काय करू?”

ते गेल्यावर आत्या स्वयंपाकघराच्या दारात आली. “अण्णा,” ती अप्पांना म्हणाली, “न्हाव्याला निरोप पाठव. बाबांच्या पानात काही कमी पडायला नको.”

अप्पा खाली बघत राहिले. मला वाटतं, ते हो म्हणणार होते. तेवढ्यात आई म्हणाली, “बाबांच्या पानात काही कमी पडणार नाही. उद्या स्वयंपाक मी करते. वन्सं, तुम्ही परसात दाराबाहेर पाट टाकून बसा आणि मला सांगा.”

दुसऱ्या दिवशी आई पहाटेच न्हाऊन सोवळं नेसून चुलीपाशी बसली. उंबऱ्याच्या पलीकडे आत्या. त्या दिवशी मी पहिल्यांदा आईला कुणाचं ऐकताना बघितलं.

“वहिनी, डाळ वाटून झाली की पाण्यात थेंब टाकून बघा. तरंगला का?”

“बुडाला.”

“मग अजून फेसा. हात एकाच बाजूने फिरवा. तेल फार तापलंय, वास येतोय मला इथवर. एक लाकूड मागे ओढा.”

आईचे पहिले वडे दगडासारखे झाले. ते तिने मुकाट्याने बाजूला ठेवले. पुढचे बरे आले. खीर मात्र खाली लागली. आत्या बाहेरून ओरडली, “ढवळू नका, ढवळू नका, वरच्या वर दुसऱ्या भांड्यात काढा,” आणि मग दोघीही एकदम हसत सुटल्या. श्राद्धाच्या दिवशी हसू नये, म्हणून आईने तोंडात पदर कोंबला होता आणि तिचे खांदे हलत होते.

गुरुजी जेवले. ढेकर मात्र दिली नाही. ते गेल्यावर अप्पा परसात आले आणि आत्याच्या पाटाशेजारी खाली बसले. “तुझ्या हातचं नव्हतं,” ते म्हणाले. “पहिल्या घासाला कळलं.” मग म्हणाले, “पण पोटभर जेवलो.” न्हाव्याचा विषय त्यानंतर आमच्या घरात निघाला नाही.

नातेवाइकांच्या घरांत तो निघतच राहिला. एका चुलतभावाच्या लग्नाचं बोलावणं आत्याला सोडून सगळ्यांना आलं. आई म्हणाली, “मग मलाही सवड नाही,” आणि त्या दिवशी घरी पुरणाच्या होळिग्या केल्या. आम्ही मुलींनी त्या इतक्या खाल्ल्या की लग्न चुकल्याचं दुःख कुणाला झालं नाही.

त्यानंतरचे महिने माझ्या मनात खोबरेल तेलाच्या वासाचे आहेत. आई परसातला माका वाटून तेलात उकळायची, जास्वंदीची पानं चोळायची, आणि शुक्रवारी आमच्याबरोबर आत्यालाही दगडावर बसवायची. केस मानेपर्यंत आले, मग खांद्यावर. आत्याने आलवण सोडून साधं पांढरं लुगडं घेतलं. तेव्हा आईने तिला बाजारात नेलं. आज ज्याला सुभाष रोड म्हणतात तो रस्ता तेव्हा एवढा गजबजलेला नव्हता, पण दुकानदार सगळे ओळखीचे. सगळे वळून बघायला लागले तसा आत्याच्या पावलांना वेग आला.

“सावकाश,” आई तिच्या कानाशी म्हणाली. “लोक बघत असले की चाल मंद करायची. घाई केली की आपण काही चोरलंय असं दिसतं.”

मी त्यांच्या मागून चालत होते. तो सल्ला मी तेव्हाच उचलला, आणि आयुष्यात फार वेळा वापरला.

आत्याला लिहायला-वाचायला चांगलं येत होतं. आईने आमचा अभ्यास तिच्याकडे दिला, मग शेजारच्या मुलींचाही. महायुद्ध सुरू होण्याच्या सुमाराला अप्पांनीच तिला शिक्षिकांच्या ट्रेनिंगला घातलं. तिचं नाव नोंदवायला ते स्वतः गेले, आणि येताना तिच्यासाठी छत्री घेऊन आले. दोन वर्षांनी हुबळीच्या एका मुलींच्या शाळेत तिला जागा मिळाली. तिने कमरीपेठेत खोली घेतली. खाली एक चांभार काम करायचा, पलीकडे पितळी भांड्यांना कल्हई लावणारा, आणि वर आत्याची ती खोली. चुलीच्या धुराने लवकरच तिची भिंत काळी झाली.

आई आणि मी तिच्याकडे पहिल्यांदा गेलो तो रविवार होता. धारवाडहून सकाळच्या गाडीने निघालो. आई खोलीत शिरली ती चहूकडे बघतच. पाण्याचा हंडा उन्हात कशाला ठेवलाय, खिडकीला पडदा हवा, पिठाच्या डब्यात कडुनिंबाची पानं घालावीत. आत्या ऐकत होती, हसत होती. तिची वेणी आता कमरेला टेकली होती.

“वहिनी,” ती म्हणाली, “आज तुम्ही नुसत्या बसा.”

आणि आई खरंच बसली. भिंतीला टेकून, पाय लांब करून. घरी मी तिला असं कधी बघितलं नव्हतं. तिथे ती शेवटी जेवायची, उभ्या-उभ्या, उरलंसुरलं. आत्याने तिच्यापुढे ताट ठेवलं. ज्वारीची पातळ भाकरी, येण्णगाई, शेंगांची चटणी, वर दह्याचा गोळा. एक भाकरी संपायच्या आत तव्यावरची दुसरी गरम येत होती. खालून चांभाराच्या हातोडीचा आवाज येत होता, आणि कुठल्याशा शिकवणीच्या मुली जिन्यात उभ्या राहून “बाई, बाई” म्हणून कुजबुजत होत्या.

आईने ताटातलं सगळं संपवलं. मग हात न धुता तशीच बसून राहिली आणि आत्याला म्हणाली, “अजून अर्धी आहे का?”