पिवळ्या फ्रॉकचा शोध

काही गुन्हे फाइल बंद झाली की विसरता येतात. हा विसरता आला नाही. नोकरी मी मुदतीआधीच सोडली. कारण विचारलं की गुडघेदुखी सांगतो. आज कुणाचंही नाव न घेता, पण स्वतःचं काही न झाकता लिहितो.

ठाणे-बेलापूर रस्त्यालगतच्या एका पोलीस ठाण्यात मी तेव्हा सहायक निरीक्षक होतो. डिसेंबरातला शनिवार. दुपारी साडेचारला तळवलीची एक बाई धावतच आत आली, मागे तिची धाकटी बहीण.

"सायेब, माजी पोरगी गावत नाय!"

तळवलीच्या महिला मंडळाची सहल दोन बसमधून सिनेमाच्या पार्कात गेली होती. द्रुतगती मार्गाने तासाभराच्या अंतरावर आहे ते. खोटे राजवाडे, खोटं रेल्वे स्टेशन, पाळणे आणि भाड्याचे कपडे चढवून काढायचे फोटो. संध्याकाळची वाहतूक टाळायची म्हणून मंडळी तीनलाच निघाली. माणसं मोजायची आपली पद्धत सगळ्यांना ठाऊक आहे. अध्यक्षबाईंनी बसच्या दारातून विचारलं, "आले का गं सगले?" आतून ओरडा झाला, "आले!" सुटल्या बस. आईला वाटलं पोरगी मावशीच्या बसमध्ये आहे, मावशीला वाटलं आईच्या. तळवलीला दोन्ही बस रिकाम्या झाल्या तेव्हा कळलं.

वय सात. दोन वेण्या, पिवळा फ्रॉक.

पार्क आमच्या हद्दीत नव्हतं, तरी मुलगी अल्पवयीन म्हणून मी झीरो नंबरने अपहरणाचा गुन्हा नोंदवला आणि तिथल्या ठाण्याला वर्णन कळवलं. इथवर माझं चुकलं नाही असं मी बरीच वर्षं मानत होतो. पण आईने जे वर्णन सांगितलं ते सकाळचं होतं. मावशी शेजारीच उभी होती. तिला मी एक प्रश्नही विचारला नाही.

तेवढ्यात फोन आला. नाव न सांगता एक पुरुष बोलला, "बापाला धरा, साहेब. सकाळी बस सुटताना आलेला. पोरीला घेऊन जाईन बोलला. सगळ्यांनी ऐकलंय."

मी आईकडे पाहिलं. ती मान खाली घालून म्हणाली, "बोलला व्हता. दीड वर्स झाला, आमी येगले रातो. पन तो तसा नाय, सायेब."

शेवटचं वाक्य मी कानाआड केलं. आईबाप वेगळे राहत असले की हरवलेलं मूल बहुधा दुसऱ्याकडेच निघतं, हा माझा अनुभव होता. आणि अनुभव असला की माणूस ऐकायचं बंद करतो.

बाप रबाळ्याला एका कारखान्यात दुसऱ्या पाळीवर होता. त्याला गेटवरून, सोबतच्या कामगारांदेखत, कॉलर धरून जीपमध्ये घातला. म्हणजे पोरगी गेली त्या वेळी तो कामावर होता, हे मला दिसत होतं. मी ठरवलं, दुसऱ्या कुणाकरवी नेली असणार.

"कुठे ठेवलीस?"

"ठेवली? साहेब, काय झालंय तिला?"

"नाटक करतो?"

मी हात उचलला. डाव्या कानावर. तीनदा, कदाचित चारदा, मोजलं नाही. तो एकदाही हात आडवा न घालता म्हणाला, "मारा साहेब, पण आदी तिला शोधा. घाबरली की लपते ती. कुणी हाका मारल्या तरी ओ देत नाय. तिथे शोधतात त्यांना सांगा, लपायच्या जागा बघा."

"मला तपास शिकवू नकोस," मी म्हटलं.

चाळीस मिनिटं अशी गेली. खिडकीबाहेर ऊन उतरत होतं. तिकडच्या अधिकाऱ्याचा फोन आला. "गेटचा कॅमेरा पाहिला. पिवळा फ्रॉक बाहेर पडलेला नाही. आतही कुठे दिसत नाही. मागच्या बाजूला तलाव आहे. माणसं उतरवू का?"

"तलाव" हा शब्द मी मोठ्याने उच्चारला. आई दारातच उभी होती. ती तिथेच खाली बसली.

आमच्या हवालदारबाई एवढा वेळ मावशीजवळ बसून होत्या. त्यांनी सहज म्हणून तिचा मोबाइल मागितला. सहलीचे फोटो बघता बघता थांबल्या.

"हे कोण गं?"

फोटोत एक छोटा मावळा होता. पागोटं, कमरेला तलवार, काजळाने काढलेली मिशी. मावशी हुंदके देत म्हणाली, "तीच हाय. ताई खर्चाला ओरडते, म्हनून गुपचूप कपरे घेतले भाऱ्यानी. कपरे देऊन आईकरं जाते बोलली नि पलाली. मना वाटला, गेली."

बस सुटण्याच्या दहा मिनिटं आधीचा फोटो होता तो.

"साहेब," हवालदारबाई म्हणाल्या, "आपण फ्रॉक शोधतोय. पोरीच्या अंगात फ्रॉकच नाही." मग बापाकडे वळून, मी न विचारलेलं त्यांनी विचारलं, "दादा, लपते म्हणजे कुठे हो?"

"कशाच्या तरी मागे. कॉटखाली, दाराआड. मी हाक मारली की येते."

नवं वर्णन कळवलं, वरिष्ठांची परवानगी घेतली आणि आईबापांना घेऊन निघालो. वाटेत बापाने कानाला रुमाल लावला होता. रुमालावर रक्त होतं. आई ते बघत होती आणि मी आरशातून आईला.

पोचलो तेव्हा अंधार पडला होता. गणवेशातले रक्षक शिट्ट्या मारत, बॅटऱ्या फिरवत होते. बाप म्हणाला, "ते बंद करा आदी." शिट्ट्या थांबल्या. राजवाड्याचा देखावा पुढून संगमरवरी दिसत होता, मागे नुसते बांबू आणि प्लायवूड. तिथे उभा राहून तो म्हणाला, "छकुले, मी हाय. कोन ओरडनार नाय."

बांबूंमागून ती बाहेर आली. मिशी रडून गालभर पसरली होती.

कपडे परत करायला गेली तर काउंटरचं शटर बंद, आणि तिचा फ्रॉक आत. ते उघडायची वाट बघत राहिली, तोवर बस निघून गेल्या. दुसऱ्याची वस्तू घेतली की पोलीस धरून नेतात, हे घरोघरी सांगतात, तसं तिलाही सांगितलेलं. शिट्ट्या आणि गणवेश दिसल्यावर तिला वाटलं, आपल्यालाच धरायला आलेत.

बापाच्या गळ्यात पडल्यावर तिने त्याचा कान पाहिला. मग मागे उभा असलेला मी, गणवेशात.

"बाबा, तुमी पन काय चोरला?"

त्याने माझ्याकडे पाहिलं. "नाय गं. पाय घसरून परलो."

परतल्यावर मी स्टेशन डायरीत लिहिलं: 'सदर इसम चौकशीकामी स्वतःहून हजर झाला.' मुलगी सुखरूप मिळवल्याबद्दल मला प्रशस्तिपत्र मिळालं. हवालदारबाईंचं नाव त्यात नव्हतं. मी सुचवलंही नाही.

गेल्या वर्षी रबाळ्याला त्याच्या कारखान्याच्या गेटवर जाऊन उभा राहिलो. त्याने ओळखलं. मी बोलू लागलो तर मान वळवून त्याने उजवा कान पुढे केला. डाव्या कानाने ऐकू येत नाही आता.

"माफी मागायला आलोय."

"माझी नको, साहेब. कामावर लोक आजून विचारतात, पोलीस का घेऊन गेलते. त्यांचं सोडा. पोरगी अकरावीला हाय आता. तिला तुमी सांगा. मी सांगितलं तर तिला वाटतं, बाप झाकतोय."

तिच्यासमोर जायचं धैर्य मला अजून झालेलं नाही. संशयिताचं बोलणंही पुरावा असतो, हे मी त्या दिवशी शिकलो. पण ते शिकायची किंमत मी भरली नाही, त्याने भरली. म्हणून, पोरी, हे छापून येईल तेव्हा तू वाच. तुझ्या वडिलांनी काहीही चोरलं नव्हतं. ते पडलेही नव्हते. मी मारलं होतं. तुला कसं शोधायचं हे ते सांगत होते, तेव्हा मारलं.