भाद्रपदातले डास

डास पकडण्यात ब्रह्मा घाटावरच्या बिंदुमाधवचा हात धरणारा अख्ख्या बनारसात नव्हता. मेंदूज्वराचा विषाणू माणसात येतो कुठून, हे शोधणाऱ्या प्रयोगशाळेत पंधरा वर्षं त्याची हीच नोकरी. दिवेलागणीला खेड्यातल्या गोठ्यात उकिडवं बसायचं आणि तोंडातल्या रबरी नळीनं डास काचेच्या नळीत ओढायचे. बाप वैदिक, म्हणून बिंदुमाधव वहीत तारखेऐवजी तिथी लिही. वर्षअखेरीला शेजारी बसून तोच प्रयोगशाळेच्या प्रमुख सरांना तारखा सांगे. मग अहवाल छापून येई. त्यात सगळ्यांची नावं असत, फक्त याचं नसे.

१९९४ साली पुण्याच्या संस्थेशी भागीदारी झाली आणि वीणा आली, दिव्याचे सापळे घेऊन. महिन्याभरात परदेशी पाहुणे 'वीणा, वीणा' करू लागले. बिंदुमाधवच्या अंगाचा तिळपापड झाला. आयत्या बिळावर नागोबा! तिनं तारखा विचारल्या, तेव्हा यानं वही टेबलावर आपटली.

"वाचता येतं ना? मग वाचा."

काशीतली वही, म्हणून तिनं भिंतीवरच्या काशीच्या पंचांगाशी ताडून वाचली. पाहुण्यांपुढं निष्कर्ष मांडायच्या सभेच्या आदल्या दिवशी तिचा तक्ता पाहून बिंदुमाधव मनात नाचला. भाद्रपद कृष्ण पंचमीचे डास बाईंनी ऑगस्टात टाकले होते! तेव्हाच सांगता आलं असतं. पण चारचौघांत नाक कापायची मजा कोण सोडतो?

सभेत वीणा म्हणाली, "मुलं आजारी पडायच्या महिनाभर आधी विषाणू या डासांत होता."

टाळ्या पडल्या. बिंदुमाधव उठला.

"बाई, हिसाब गलत आहे. आमच्या मराठी घरांत महिना अमावस्येला संपतो, तुम्ही इथला पौर्णिमेचा धरला, त्यात कृष्णपक्ष आधी येतो. हे डास सप्टेंबरातले. तवर पोरं बीमार पडून चुकली होती."

वीणाचा चेहरा उतरला. पंधरा वर्षांत असं सुख त्याला लाभलं नव्हतं.

"म्हणजे निबंधच राहिला नाही, काका," ती हळू म्हणाली. "शेवटी हे दाखवणार होते." तिनं प्रोजेक्टरवर शेवटची पारदर्शिका ठेवली. त्यावर लेखकांची नावं होती. दुसरं वीणाचं. पहिलं त्याचं.

सर प्रोजेक्टरचा दिवा बंद करायला पुढे झाले.

"सर, एक मिनट," बिंदुमाधव म्हणाला. "वाचू द्या."